भिंतीलगतची फळबाग : वेलींना ऊन, मुळांना सावली

शहरांतून व तालुक्याच्या गावांतून घरे जसजशी एकमेकांना भिडत चालली आहेत, तसतशी परसबाग दुर्मीळ होत चालली आहे. पूर्वी घरामागे विहीर असे, तिच्या सांडपाण्यावर केळी व अळू वाढत आणि मांडवावर दुधीभोपळा चढलेला असे. आता बहुतेक घरांच्या वाट्याला दोन-तीन हात रुंदीची फरसबंद बोळ, एखादा सज्जा किंवा गच्चीचा कोपरा एवढेच उरले आहे. परंतु जमीन गेली तरी भिंत उरली आहे, आणि भिंतीवर ऊन पडत आहे. या दोहोंचा मेळ घालून कुंड्यांमध्ये फळझाडे व वेली वाढविणे शक्य आहे. घरच्या घरी लिंबू, अंजीर, तोंडली, कारली व मायाळू मिळू लागल्यास रोजच्या आहारात ताज्या फळभाजीची मोलाची भर पडते.

हा प्रयत्न अनेक कुटुंबे हौसेने करितात. पौष-माघात टवटवीत दिसणारी झाडे चैत्र-वैशाखात मात्र करपून जातात. मग कोणी मातीला दोष देतो, कोणी रोपाला, तर कोणी ‘आमच्या हाताला झाड लागत नाही’ असे म्हणून कुंड्या पालथ्या घालतो. वास्तविक अशा वेळी दोष बहुधा हाताचा नसतो. भिंतीची दिशा न पाहता कुंडी मांडलेली असते व वेलीला मिळणारे ऊन कुंडीलाही लागू दिलेले असते. या दोन गोष्टी नीट समजून घेतल्यास पुढील नुकसान टळते.

थंड देशांतील भिंत व आपली भिंत

भिंतीलगत फळझाडे वाढविण्याची कला युरोपात फार जुनी आहे. पॅरिसजवळील माँत्रई या गावी सतराव्या शतकापासून पीचची झाडे भिंतींना लावून वाढवीत. त्यासाठी जिप्समचा गिलावा केलेल्या शेकडो किलोमीटर लांबीच्या भिंती तेथे उभ्या राहिल्या होत्या. दिवसा या भिंती ऊन शोषून घेत व रात्री ती ऊब झाडांना परत देत, त्यामुळे मोहोर हिवाने मरत नसे. ‘फळझाड दक्षिणेच्या उन्हातील भिंतीला लावावे’ हा नियम अशा देशांतून पुस्तकांत आला आहे.

आपल्याकडे परिस्थिती उलट आहे. उष्णता आपल्याला विकत घ्यावी लागत नाही. आपल्याला उणीव असते ती मुळांच्या गारव्याची व पाण्याची. शिवाय सूर्याचा मार्गही निराळा आहे. पुणे सुमारे साडेअठरा अक्षांशावर असल्याने तेथे मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचे ऊन जवळजवळ पडतच नाही. उलट डिसेंबरात सूर्य दुपारीदेखील क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे तेव्हा तीच भिंत दिवसभर उन्हात न्हाऊन निघते. हिवाळ्यात ऊन व उन्हाळ्यात सावली देणारी ही भिंत आपल्या फार उपयोगाची आहे.

भिंतीची निवड

दक्षिणेच्या भिंतीवर अर्ध्या मीटरचा छज्जा असेल, तर एप्रिलच्या मध्यास भर दुपारी त्याची सावली सुमारे तीन मीटर खालपर्यंत उतरते. डिसेंबरात तीच सावली अर्ध्या मीटरच्या आसपासच राहते. म्हणून छज्जाच्या आत, भिंतीला लागून कुंड्या ठेवाव्यात. छज्जाबाहेर सरकलेली कुंडी मात्र उन्हाळ्यात डोक्यावरच्या उन्हात सापडते. लिंबू, डाळिंब, तसेच हिवाळ्यात फळणाऱ्या घेवड्यासाठी ही भिंत उत्तम होय.

पूर्वेच्या भिंतीला सकाळचे चार-पाच तासांचे कोवळे ऊन बारा महिने मिळते व दुपारी ती सावलीत जाते. नवशिक्याने आरंभ याच भिंतीपासून करावा. अंजीर, तोंडली, कारली व दोडका येथे चांगली येतात.

पश्चिमेची भिंत सर्वांत कठीण. मे महिन्यात दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन तिच्यावर जवळजवळ समोरून आदळते. काळ्या दगडाची, विटांची वा काँक्रीटची भिंत ही उष्णता साठविते व मध्यरात्रीपर्यंत बाहेर टाकीत राहते. सोलापूर, अकोला, चंद्रपूर यांसारख्या भागांत या भिंतीलगतची लहान कुंडी उन्हाळा काढू शकत नाही. येथे भिंतीपासून निदान एक फूट अंतरावर ताटी उभारून तिच्यावर मधुमालती किंवा बोगनवेल चढवावी. फळ मिळाले नाही तरी वेलीच्या सावलीने भिंत कमी तापते व आतील खोली गार राहते, हा लाभ लहान नाही.

उत्तरेच्या भिंतीला मे ते जुलै या काळात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन मिळते व एरवी सावली असते. फळझाडांना हे पुरत नाही. नागवेलीला मात्र हीच जागा मानवते, आणि उन्हाळ्यात मायाळूही येथे तग धरते.

भिंत ठरविण्यापूर्वी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा व सायंकाळी चार वाजता भिंतीवर ऊन कोठे आहे हे खडूने नोंदवावे. समोरची इमारत, पाण्याची टाकी किंवा आंब्याचे झाड यांच्या सावलीने सारा हिशेब बदलू शकतो.

कुंडी : आकार, गारवा व भार

फळझाडास कुंडी मोठी हवी. ४५ सेंटिमीटर तोंडाची व तितक्याच खोलीची मातीची कुंडी निमुळती असल्याने तिच्यात सुमारे ५० ते ५५ लिटर माती मावते. लिंबू, अंजीर व डाळिंब यांच्यासाठी हे किमान माप समजावे. दोनशे लिटरचे पिंप आडवे कापल्यास शंभर लिटरची दोन पात्रे मिळतात. द्राक्षवेलीसाठी असे पात्र घ्यावे. मात्र पूर्वी रसायने भरलेले पिंप कधीही वापरू नये. कारली, दोडका, घेवडा या हंगामी वेलींना २० ते २५ लिटरची कुंडी किंवा डबा पुरतो.

मातीच्या कुंडीचा एक गुण विसरण्याजोगा नाही. माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने मातीच्या कुंडीतील मुळेही गार राहतात. ओल पाझरून बाष्प होते व ते जाताना उष्णता घेऊन जाते. पत्र्याचा डबा व काळी प्लास्टिकची पिशवी यांत असे घडत नाही. उन्हात ती तव्यासारखी तापतात. कुंडीतील माती ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली, की पुष्कळशा झाडांच्या कोवळ्या मुळ्या मरू लागतात. त्या बहुधा कुंडीच्या उन्हाकडील कडेच्या असतात, आणि नेमकी तेथेच पाणी शोषणाऱ्या मुळ्यांची दाटी असते. म्हणूनच माती ओली असूनही झाड दुपारी माना टाकते. असे दिसताच आणखी पाणी ओतण्याची घाई करू नये. प्रथम कुंडीवर सावली करावी.

यासाठी तीन सोपे उपाय आहेत. पहिला, कुंडी किंवा डबा बाहेरून चुन्याने पांढरा करावा. मातीच्या कुंडीला मात्र तैलरंग देऊ नये, कारण त्याने तिचे पाझरणे बंद होते. दुसरा, उन्हाकडील बाजूस ओले गोणपाट बांधावे किंवा पुढे लहान कुंड्यांची ओळ मांडून त्यांच्या सावलीत मोठी कुंडी ठेवावी. तिसरा, कुंडी तिच्याहून मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी व ती ओली राखावी. शेंडा उन्हात आणि बूड सावलीत, हे सूत्र ध्यानात असू द्यावे.

कुंडी भिंतीला चिकटवून ठेवू नये. एक वीत अंतर सोडावे व खाली विटांचे तुकडे द्यावेत, म्हणजे हवा खेळते व भिंतीला ओल लागत नाही. खालील ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा तरी सर्व ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात.

गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनी भाराचाही विचार करावा. अर्ध्या पिंपातील ओल्या मातीचा भार दीडशे किलोच्या आसपास भरतो, आणि तो केवळ पाव चौरस मीटर जागेवर पडतो. वावर असणाऱ्या गच्चीची आखणी सामान्यतः दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास वापरभार धरून केलेली असते. म्हणून जड पात्रे स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळई किंवा भारवाही भिंतीच्या माथ्यावर येतील अशी मांडावीत. इमारत जुनी असल्यास जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून हे काम करू नये.

माती व खत

शेतातील काळी भारी माती तशीच कुंडीत भरू नये. ती भिजल्यावर फुगते, वाळल्यावर कुंडीची कड सोडते व भेगाळते. मग घातलेले पाणी त्या भेगांतून सरळ खाली जाते आणि मुळे कोरडीच राहतात. दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा जाड वाळू असे मिश्रण करावे. प्रत्येक कुंडीमागे दोन-तीन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. तळाच्या छिद्रांवर खापऱ्या पालथ्या ठेवून मिश्रण भरावे व वर चार बोटे जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी. कोकणात व गोव्यात उन्हापेक्षा पावसाचे भय अधिक असते. तेथे वाळूचे प्रमाण वाढवून छिद्रे मोठी ठेवावीत.

कुंडीतील अन्न पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून एकदाच पुष्कळ खत न घालता दर महिन्याला पाव किलो गांडूळखत वरच्या मातीत मिसळावे. दर वर्षी वरची दोन-तीन बोटे माती काढून नवी भरावी. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडी झाड मातीच्या गड्ड्यासह बाहेर काढून गोल फिरलेली बाहेरची मुळे दोन बोटे छाटावीत व नव्या मिश्रणात पुन्हा लावावे.

फळझाडे

लिंबू : कागदी लिंबाचे बियांपासूनचे रोप फळास येण्यास चार-पाच वर्षे घेते. गुटी कलम दोन-तीन वर्षांत फळते, म्हणून कुंडीसाठी ते पसंत करावे. ‘साई सरबती’ ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाची जात चांगली आहे. कुंडीतील लिंबाची एक सोय जमिनीतल्या झाडास नसते. पावसाळ्यात जमिनीतील झाडास ताण देणे कठीण जाते, परंतु छज्जाखालील कुंडी पावसाच्या झडीपासून दूर, कोरडी ठेवता येते. भाद्रपदात पाणी आवरते घेतल्यास हस्त बहाराची फुले येतात व उन्हाळ्यात, लिंबू महाग असते त्या वेळी, घरची फळे मिळतात. मात्र कुंडीतील माती थोडी असल्याने हा ताण जपून द्यावा. पाने किंचित कोमेजून वळू लागताच तो तोडावा. पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसू लागल्यास बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने लोहाची कमतरता झाली असे बहुधा समजावे, आणि शक्य तेव्हा पावसाचे साठविलेले पाणी द्यावे.

अंजीर : भिंतीला पसरून वाढविण्यास याहून सोयीचे झाड नाही. आपल्याकडील ‘पूना’ अंजिराला फळ धरण्यासाठी परागीभवनाची गरज नसते, त्यामुळे एकच झाडदेखील फळते. पुरंदर भागातील अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथे पावसाळ्यातील खट्टा बहार व उन्हाळ्यातील मीठा बहार असे दोन बहार धरतात. त्यांपैकी मीठा बहाराची फळे गोड व चांगल्या प्रतीची असतात. कुंडीत एक खोड ठेवून फांद्या दोन्ही बाजूंस तारांवर आडव्या बांधाव्यात. आडव्या फांदीवर अधिक डोळे फुटतात व नव्या फुटीवर फळे लागतात. छाटणी करताना चीक अंगाला लागू देऊ नये, त्याने कातडीस खाज सुटते.

डाळिंब : पुण्याच्या गणेशखिंड येथील केंद्रात निवडलेली ‘गणेश’ व अलीकडची ‘भगवा’ या दोन्ही जाती कुंडीत येतात. फळे तडकतात ती बहुधा अनियमित पाण्यामुळे. आठ दिवस विसरून एकदम बादलीभर पाणी ओतणे हे डाळिंबास सर्वांत घातक होय.

द्राक्ष : वेलीला एक सरळ खोड व तारेवर दोन हात एवढीच ठेवण असावी. एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात गोडी छाटणी हा आपल्याकडील क्रम कुंडीतही पाळावा लागतो. पहिली दोन वर्षे घड न धरता खोड बळकट करावे.

वेली व त्यांचा आधार

भिंतीत खुंट्या ठोकून तारा ताणाव्यात किंवा बांबूची ताटी उभारावी. तारा व भिंत यांत चार ते सहा इंच अंतर असावे. वेल भिंतीला चिकटली, तर वैशाखात तिची पाने भाजतात व पावसाळ्यात भिंत सतत ओली राहते. हंगामी वेलींसाठी काथ्याची दोरी पुरे, वेल संपल्यावर ती दोरीसकट काढून खतात टाकता येते.

तोंडली एकदा लावली की काही वर्षे फळते. चांगल्या फळणाऱ्या वेलीचे पेन्सिलीइतके जाड, वीतभर लांबीचे छाट पावसाळ्याच्या आरंभी लावावेत. थंडी ओसरताच जुनी वेल छाटावी, म्हणजे जोमदार फुटवे येतात. मायाळू पानांसाठी, तर गोकर्ण फुलांसाठी लावावे. कारली व दोडका यांचे बी जूनमध्ये व पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत टोकावे.

वरच्या मजल्यांवर एक तक्रार वारंवार ऐकू येते. वेल फुलते, पण फळ धरत नाही. कारली, दोडका, दुधी यांना नर व मादी फुले निरनिराळी येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर मधमाश्या कमी पोहोचतात. तेथे हे काम आपण करावे. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, नर फुलाचा देठ नुसता असतो. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे वळवाव्यात व पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. कारल्याची फुले पहाटे उमलतात, तर दोडका व दुधी यांची सायंकाळी. म्हणून कारल्याचे काम सकाळी लवकर व दोडक्याचे दिवेलागणीच्या सुमारास करावे.

पाण्याचा हिशेब

किती कुंड्या ठेवाव्यात हे जागेवरून ठरवू नये, मे महिन्यातील पाण्यावरून ठरवावे. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे एक लिटर पाणी गेले. सोलापूर-अकोल्याकडे मे महिन्यात उघड्या पात्रातून रोज १० मिलिमीटरांहून अधिक पाणी उडते. अर्धा चौरस मीटर पसाऱ्याच्या लिंबास या हिशेबाने रोज चार-पाच लिटर पाणी लागेल. अशा सहा कुंड्यांना रोज दोन बादल्या, म्हणजे महिन्यास सातशे ते नऊशे लिटर पाणी हवे. टँकरवर अवलंबून असणाऱ्या घराने हा आकडा आधी विचारात घ्यावा. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाचे किंवा खारट पाणी चालत नाही. सहा कुंड्या उन्हाळ्यात वाळविण्यापेक्षा तीन कुंड्या जगविणे केव्हाही श्रेयस्कर.

पाणी सकाळी लवकर द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागत असेल तर थांबावे, माती वाफशावर आली असेल तर तळातून थेंब गळेपर्यंत द्यावे. मातीवर वाळलेली पाने, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचे दोन-तीन बोटे आच्छादन घातल्यास पाण्याची मोठी बचत होते.

कीड

लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी आढळते. ती पुढे हिरवी होऊन रातोरात फांदी बोडकी करते. चार झाडांसाठी औषध आणू नये, अळ्या हाताने वेचाव्यात. मावा व पिठ्या ढेकूण दिसल्यास ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडासा साबण मिसळून सायंकाळी फवारावी. कारली-दोडक्यावरील फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा सापळा टांगावा व कोवळ्या फळांना कागदी पिशव्या बांधाव्यात. सडलेली फळे कुंडीत पडू देऊ नयेत.

वर्षाचा क्रम

मृगाच्या सरी पडताच नवी कलमे व तोंडलीचे छाट लावावेत आणि कारली-दोडक्याचे बी टोकावे. श्रावण-भाद्रपदात निचरा पाहावा व लिंबाच्या पाण्यावर लक्ष ठेवावे. दसऱ्याच्या सुमारास द्राक्षाची छाटणी करावी व घेवडा टोकावा. पौष-माघात कुंड्या उन्हाला सामोऱ्या ठेवाव्यात. होळी झाली की मात्र थांबू नये. कुंड्या पांढऱ्या कराव्यात, गोणपाट बांधावे, आच्छादन घालावे व पश्चिमेच्या भिंतीवरील लहान कुंड्या पूर्वेकडे हलवाव्यात. वैशाखात झाड वाचणार की जाणार, हे फाल्गुनातील या चार कामांवर ठरते.

ज्यांच्याजवळ आज एकही कुंडी नाही, त्यांनी येत्या पावसाळ्यात पूर्वेच्या भिंतीलगत एक लिंबाचे गुटी कलम व एक तोंडलीची वेल एवढ्यावरच आरंभ करावा. ती दोन्ही पुढील उन्हाळा काढून पुन्हा पालवली, म्हणजे तिसरी कुंडी आणण्यास हरकत नाही.